कॉकरमथ: सखल पेठेचे गाव आणि दोन पूर

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, कंब्रियात, कॉकरमथ हे सुमारे 9 हजार वस्तीचे गाव आहे. लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाची हद्द गावाबाहेरूनच वळते. त्यामुळे केझिक किंवा विंडरमिअरसारखी पर्यटकांची झुंबड इथे उडत नाही. गाव चालते ते आसपासच्या खेड्यांतल्या गिऱ्हाइकावर. खाटीक, बेकरी, औषधाचे दुकान, लोखंडी सामानाचे दुकान, पोस्ट, खानावळी, असे तालुक्याच्या पेठेत लागणारे जवळपास सगळे मेन स्ट्रीट या एकाच रुंद रस्त्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या बोळांत मिळते. आणि गावात पाणी शिरते तेही याच रस्त्यावर.

नद्या दोन आहेत. डरवेंट मोठी. ती डरवेंटवॉटर आणि बॅसनथ्वेट या सरोवरांतून वाहत येते आणि गावाच्या उत्तर अंगाने पश्चिमेकडे समुद्राला जाते. कॉकर लहान. बटरमिअर, क्रमक वॉटर आणि लोजवॉटर यांचे पाणी घेऊन ती दक्षिणेकडून येते, गावाच्या मधोमध घुसते आणि किल्ल्याच्या पायथ्याशी डरवेंटला मिळते. वाटेतली सरोवरे एरवी पाऊस पोटात घेतात आणि सावकाश सोडतात. पण महिनाभराच्या पावसाने ती काठोकाठ भरली असतील, तर वरून आलेले पाणी जसेच्या तसे खाली येते. दोन्ही नद्या एकाच वेळी चढल्या की डरवेंट कॉकरचे पाणी पुढे सरकू देत नाही. कॉकर तुंबते, आणि तुंबलेल्या कॉकरच्या पश्चिम काठाला लागूनच मेन स्ट्रीट सुरू होतो.

पेठ सखल जागी का बसली

रोमन लोकांनी डरवेंशियो नावाची आपली छावणी डरवेंट नदीपलीकडे उंचावर, आजच्या पॅपकॅसलमध्ये बांधली होती. बाराव्या शतकात, 1134च्या सुमारास, नॉर्मन सरदारांनी तिथलेच दगड उचलून दोन नद्यांच्या बेचक्यातल्या टेकाडावर किल्ला उभारला. तोही उंचावर. बाजाराचा परवाना राजाकडून 1221मध्ये मिळाला आणि पहिली पेठ किल्ल्याच्या दाराशी, कॉकरच्या पूर्वेला भरू लागली. आजही त्या भागाचे नाव मार्केट प्लेस आहे. पुढे वस्ती वाढली ती मात्र पूल ओलांडून पश्चिमेच्या सपाट भागात. गुरांचा बाजार, धान्याच्या गाड्या, शेतावरचे गडी ठरवण्याच्या सहामाही जत्रा यांना मोकळी जागा लागते, आणि ती तिथेच होती. मेन स्ट्रीट एवढा रुंद आहे त्याचे कारण हेच.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीच्या पट्ट्या पाडल्या गेल्या. तोंड अरुंद आणि पाठ लांबलचक. उत्तरेकडच्या पट्ट्यांची पाठ थेट डरवेंटला टेकते. पुढे दुकान, वर घर, मागे अंगण आणि कारखाना, शेवटी नदी. कातडी कमावणारे, टोप्या करणारे, लोकर आणि लिननचा (जवसाचा) धागा करणारे यांना पाणी दाराशी हवे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गावात चाळीसहून जास्त गिरण्या आणि कारखाने होते. जेनिंग्जची दारूभट्टी 1874मध्ये लॉर्टन खेड्यातून इथे आली तीही दोन नद्यांच्या संगमावर, किल्ल्याच्या खाली. म्हणजे नदीकाठ धरण्यात कुणाची चूक नव्हती. धंदा पाण्यावर होता आणि अधूनमधून भिजणे हा त्या धंद्याचा खर्च होता. गिरण्या बंद पडल्या, पण पट्ट्या, इमारती आणि त्यांची पाठ नदीला लागलेलीच राहिली.

1960च्या दशकात ब्रिटनमधली 51 जुनी गावे खास जतन करण्याजोगी म्हणून निवडली गेली, त्यांत कॉकरमथ आहे. अठराव्या शतकातली दगडी घरे रस्ताभर उभी आहेत. त्यांतले सर्वांत देखणे 1745चे, मेन स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला आहे. कवी विल्यम वर्ड्‌सवर्थ तिथे 1770मध्ये आणि बहीण डोरोथी 1771मध्ये जन्मली. 1930च्या दशकात ते घर पाडून तिथे बसस्थानक करायचे घाटत होते. गावकऱ्यांनी वर्गणी काढून ते सोडवले आणि 1938मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केले. आज गावाबाहेरचा पैसा गावात आणणारी ही मोठी वास्तू आहे, आणि तिची बागही डरवेंटच्या काठाशी संपते.

रस्त्याच्या मध्यावर एक संगमरवरी पुतळा आहे. मराठी वाचकाला तो माणूस अनोळखी नाही. रिचर्ड बर्क, म्हणजे लॉर्ड मेयो. 1857 ते 1868 तो कॉकरमथचा खासदार होता, मग हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि 8 फेब्रुवारी 1872 रोजी पोर्ट ब्लेअरला शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्याला भोसकून मारले. तीन वर्षांनी गावाने हा पुतळा बसवला. नागपूरकर ज्या रुग्णालयाला आजही नुसते ‘मेयो’ म्हणतात, ते नाव याचेच. 2009च्या पुरात पाणी या पुतळ्याच्या चौथऱ्याभोवतून वाहत गेले.

नव्याची हौसही गावाला होती. 1881मध्ये सहा प्रखर विजेचे दिवे लावून पाहिले. ते वरचेवर बंद पडू लागले तेव्हा गाव मुकाट्याने पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळले.

सोयी कुठे आहेत, तेवढ्यावर सगळे ठरते

अशा गावाच्या सोयींची नुसती यादी फारशी कामाची नाही. प्रत्येक सोय किती उंचीवर आहे ते पाहावे. कॉकरमथमध्ये गेल्या काही दशकांत जे जे नव्याने बांधले गेले ते चढावर गेले. गुरांचा लिलाव पूर्वी गावात होत असे, तो आता गावाबाहेरच्या आवारात होतो. सुपरमार्केट दक्षिणेकडच्या चढावर आहे. नवे सामुदायिक रुग्णालय आणि दवाखाने 2014मध्ये एकाच छताखाली आले, तेही सखल भाग सोडून. कर्कगेटवरच्या जुन्या शाळेत स्वयंसेवक नाटके, चित्रपट आणि मैफली चालवतात. ती इमारत कॉकरच्या पूर्वेकडच्या उंच बाजूला आहे. माध्यमिक शाळा आणि क्रीडा केंद्रही तिकडेच.

खाली राहिली ती पेठ. छोटी दुकाने, त्यांच्या वरची बिऱ्हाडे, खानावळी.

रेल्वे 1847मध्ये वर्किंग्टनहून इथवर आली, 1865पासून केझिकमार्गे पेनरिथपर्यंत प्रवासी गाड्या धावू लागल्या, आणि 1966च्या एप्रिलमध्ये केझिकच्या पश्चिमेचा फाटा बंद झाला. आज गावात रेल्वे नाही. जुन्या मार्गाचा काही भाग पायवाट आणि सायकलवाट झाला आहे. वर्किंग्टन ते पेनरिथ धावणारी बस हाच सार्वजनिक वाहतुकीचा कणा आहे, आणि तीही मेन स्ट्रीटवरून जाते. रस्ता बुडाला की बसचा मार्गही बुडतो, आणि गाडी नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना चढावरचे रुग्णालयही लांब पडते.

19 नोव्हेंबर 2009

त्या दिवशी कंब्रियाच्या डोंगरांत जो पाऊस पडला त्याने देशाचा विक्रम मोडला. सीथवेटच्या मापकावर 24 तासांत 316.4 मिलिमीटर. सीथवेट डरवेंटच्या उगमाकडे आहे. नोव्हेंबरचे पहिले दिवसही पावसाचेच गेले होते, जमीन आणखी थेंब घ्यायला तयार नव्हती. गुरुवारी दुपारपासून दोन्ही नद्या चढल्या. संध्याकाळी कॉकर आपल्या भिंतींवरून बाहेर पडली.

पूर म्हटले की पाणी हळूहळू चढते असे आपल्या डोळ्यांपुढे येते. इथे तसे झाले नाही. रस्ता पूर्वेकडून पश्चिमेकडे किंचित उतरता आहे, दोन्ही बाजूंना सलग दगडी भिंती आहेत. कॉकरचे पाणी त्यात शिरले आणि मेन स्ट्रीट तिसरी नदी झाला. काही ठिकाणी खोली अडीच मीटरच्या घरात गेली. वेगामुळे दुकानांच्या काचा आधी फुटल्या आणि मग आतला माल प्रवाहाबरोबर बाहेर निघाला. त्या काचा थोपल्या असत्या तरी भिंतींवर दाब आला असता. आत आणि बाहेर पाण्याची पातळी सारखी झाली म्हणून बऱ्याच इमारती उभ्या राहिल्या, हेही खरे.

रात्रभरात सुमारे 200 माणसांना बाहेर काढले. त्यांतल्या 50च्या आसपास माणसांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी छपरांवरून आणि वरच्या मजल्यांवरून उचलले, बाकीच्यांना होड्यांनी. डोंगरात हरवलेल्यांना शोधणारे गावचे स्वयंसेवी बचाव पथक त्या रात्री पेठेत काम करत होते. कॉकरमथमध्ये जीवितहानी झाली नाही. नदीच्या तोंडाशी, वर्किंग्टनला, पहाटे नॉर्थसाइड पूल कोसळला आणि त्यावरून वाहतूक वळवणारे पोलीस कर्मचारी बिल बार्कर वाहून गेले. तिथे रस्त्याचे पूल निकामी झाल्याने शहराचे दोन तुकडे पडले. रेल्वेचा पूल शाबूत होता, म्हणून 30 नोव्हेंबरला नदीच्या उत्तरेला एक तात्पुरते स्टेशनच उघडण्यात आले.

कॉकरमथमध्ये घरे आणि दुकाने मिळून सुमारे 900 मालमत्तांत पाणी गेले. वर्ड्‌सवर्थच्या घराची बाग उद्ध्वस्त झाली.

वाळवण: सर्वांत जास्त चुका इथे होतात

पाणी दोन दिवसांत उतरले. दुकाने उघडायला मात्र बरेच महिने, कित्येकांना जवळपास वर्ष लागले. बाहेरच्या माणसाला हा उशीर विमा कंपनीचा किंवा कंत्राटदाराचा वाटतो. काही अंशी तसे असते. पण मूळ कारण भिंत आहे.

इथल्या जुन्या भिंती अर्ध्या मीटरहून जाड. बाहेरून घडीव दगड, आत डबर आणि चुना. अशी भिंत वाळण्याचा ढोबळ हिशेब महिन्याला 25 मिलिमीटर असा धरतात. 500 मिलिमीटरची भिंत दोन्ही बाजूंनी वाळत असेल तर मधल्या 250 मिलिमीटरपर्यंत पोचायला दहा महिने. शेजारच्याने आपल्या बाजूचा गिलावा काढला नसेल तर भिंत एकाच अंगाने वाळते आणि हिशेब दुप्पट होतो. सलग घरांच्या ओळीत ही अडचण हमखास येते. एक मालक कामाला लागलेला, शेजारचा विम्याच्या होकाराची वाट पाहत बसलेला.

कामाचा क्रम ठरलेला आहे, आणि तो मोडला की पुन्हा खर्च. आधी वीज आणि गॅस तपासून बंद. मग गाळ, तो ओला असतानाच काढायचा, वाळला की फावडे चालत नाही. गाळात सांडपाणी असतेच, शिवाय घरे तापवायच्या टाक्यांतले रॉकेलसारखे तेल असते. तेल चुन्याच्या गिलाव्यात मुरले तर धुऊन जात नाही, तेवढा गिलावा खरवडूनच काढावा लागतो. त्यानंतर लाकडी जमिनी उचलून खालच्या पोकळीतले पाणी उपसायचे. ही पायरी विसरली तर वरचे सगळे कोरडे होते आणि सहा महिन्यांनी तुळया कुजू लागतात. मग जिप्समचे प्लास्टर आणि पार्टिशनचे बोर्ड पाण्याच्या खुणेच्या बरेच वरपर्यंत काढायचे, कारण ओल वर चढलेली असते.

ओल शोषणारी यंत्रे लावताना दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर यंत्र बाहेरची हवा वाळवत बसते. उलट, नुसत्या हवेवर वाळवायचे असेल तर सगळे उघडे हवे. दोन्ही अर्धवट करणारे पुष्कळ. घाईने खोली फार तापवली तर दगडाचा पृष्ठभाग कोरडा दिसतो, आत पाणी तसेच असते, जुने लाकूड मात्र तडकते. भिंतीवर टेकवायचा ओलमापक फक्त वरच्या थराचे सांगतो. आकडा चांगला आला म्हणून सिमेंटचा गिलावा मारला, रंग दिला, की पुढच्या हिवाळ्यात क्षार बाहेर येतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. खोल भोक पाडून आतला नमुना तपासल्याशिवाय अशा भिंतीला हात लावू नये. आणि पुन्हा लावायचा तो चुन्याचाच गिलावा, कारण तेल मुरले नसेल तर पुढच्या पुरानंतर तो उतरवावा लागत नाही, धुतला की पुन्हा श्वास घेतो.

भिंत जी आपणहून वर येते

2009नंतर गावासाठी जी पूरसंरक्षण योजना झाली ती 2013मध्ये पुरी झाली. खर्च 44 लाख पौंड. सगळे सरकारी पैसे नव्हते, गावाने आणि धंदेवाल्यांनीही वाटा उचलला. काठाच्या भिंती वाढवल्या, आणि वॉटरलू स्ट्रीटच्या मागे डरवेंटच्या काठाशी सुमारे 120 मीटर लांबीचा आपोआप उठणारा अडसर बसवला.

त्याची रचना सांगण्यासारखी आहे. काठाशी जमिनीत काँक्रीटचा खोल चर आहे आणि त्यात पोकळ, हलक्या भिंतीचे भाग उभे दडलेले असतात. वर फक्त एक झाकणपट्टी दिसते. नदी ठरावीक पातळीला चढली की पाणी नळातून चरात येते आणि पाण्यात दाबून धरलेली रिकामी घागर सोडावी तशी भिंत वर उचलली जाते. पुरती वर आली की ती रबरी पट्टीला टेकून घट्ट बसते. नदी उतरली, चर रिकामा झाला, की भिंत परत खाली. वीज नको, मध्यरात्री फळ्या बसवायला माणूस नको. एरवी रहिवाशांना नदी दिसत राहते, आणि उंच कायमची भिंत नको म्हणणाऱ्यांचे समाधान झाले ते यामुळे.

बिघडते काय? पाणी आत घेणाऱ्या नळाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकतो. चरात गाळ बसला तर भिंत तिरकी उठते. रबरी पट्टी उन्हाने आणि थंडीने कडक होते. म्हणून वर्षातून ठरलेल्या वेळी चर धुऊन, पाणी भरून भिंत उठवून पाहावीच लागते. दुसरी गोष्ट जास्त लोकांच्या लक्षात येत नाही. भिंत नदीला अडवते, तशी गावातल्या पावसाच्या पाण्यालाही बाहेर जाऊ देत नाही. गटारांच्या तोंडावरच्या झडपा नदी चढली की मिटतात, आणि आत पडणारा पाऊस आतच साठतो. पंप नसेल तर भिंतीआड वेगळाच छोटा पूर.

5 डिसेंबर 2015 रोजी डेझमंड वादळ आले. हॉनिस्टर खिंडीत 24 तासांत 341.4 मिलिमीटर पाऊस झाला आणि सीथवेटचा विक्रम सहा वर्षांत गेला. हॉनिस्टरच्या एका उतारावरचे पाणी बटरमिअरकडे, म्हणजे कॉकरला येते, दुसऱ्या उतारावरचे डरवेंटला. अडसर ठरल्याप्रमाणे उठला. पाणी त्याच्या आणि इतर भिंतींच्या वरून आले. या वेळी साडेचारशेहून जास्त मालमत्ता भिजल्या.

‘इतके पैसे घालून काय मिळाले’ असे त्यानंतर पुष्कळांनी विचारले. प्रश्न रास्त आहे, पण त्याचा रोख चुकतो. अशी योजना एका ठरावीक पातळीसाठी बांधलेली असते, आणि त्या पातळीच्या वर पाणी आले तर ती ते थांबवू शकत नाही. ती वेळ देते. पाणी भिंतीवरून येईपर्यंत लोकांना माल वरच्या मजल्यावर न्यायला, गाड्या चढावर लावायला, म्हाताऱ्यांना हलवायला काही तास मिळाले. 2009शी तुलना करता भिजलेल्या मालमत्ता निम्म्यावर आल्या. खरी चूक सांगण्यात झाली होती. ‘संरक्षित’ हा शब्द ऐकून काहींनी पुराचे पाणी अडवायला दारात लावायच्या फळ्या विकत घेतल्या नाहीत, तर काहींनी माल तळघरात ठेवला.

घराला विमा, दुकानाला नाही

एप्रिल 2016मध्ये ब्रिटनमध्ये फ्लड री ही पुनर्विम्याची व्यवस्था सुरू झाली. पूरप्रवण घराचा पुराचा धोका विमा कंपनी तिच्याकडे ठरलेल्या दराने सोपवते, त्यामुळे घरमालकाला परवडेल असा हप्ता मिळतो. ही सोय 2039पर्यंत आहे. पण 1 जानेवारी 2009 रोजी किंवा त्यानंतर बांधलेली घरे त्यात बसत नाहीत, आणि धंद्याच्या जागा तर मुळीच नाहीत.

कॉकरमथसारख्या पेठेत याचा अर्थ विचित्र निघतो. एकाच इमारतीत वरच्या बिऱ्हाडाला, जिथवर पाणी पोचत नाही, विमा सहज मिळू शकतो. खालच्या दुकानाला, जे बुडते, तो खुल्या बाजारात शोधावा लागतो, आणि नुकसानीची पहिली रक्कम खिशातून भरण्याची अट इतकी मोठी असते की छोट्या दुकानदाराला विमा असून नसल्यासारखा. साखळी दुकाने हा तोटा देशभराच्या हिशेबात जिरवून टाकतात. एकट्याच्या दुकानाला ते जमत नाही. गावाचे वैशिष्ट्य मात्र ही एकट्यांची दुकानेच आहेत. आमच्या मते गेल्या दोन दशकांत कॉकरमथच्या पेठेला सर्वांत मोठा धोका नदीचा नसून या फटीचा आहे.

त्यामुळे मेन स्ट्रीटवर गाळा भाड्याने घेणाऱ्याने सजावटीआधी काही गोष्टी पाहाव्यात. 2009 आणि 2015ची पाण्याची खूण भिंतीवर कुठवर होती ते मालकाकडून लेखी घ्यावे. भाडेकरारात गाळा बंद राहील त्या काळाचे भाडे कोण सोसणार ते स्पष्ट असावे, कारण वाळवणाला वर्ष लागू शकते. दाराच्या फळ्या साधारण 600 मिलिमीटर उंचीपर्यंतच लावतात. त्याहून जास्त पाणी बाहेर अडवले तर दाबाने भिंतच आत येण्याची भीती असते, तेव्हा त्या उंचीनंतर पाणी आत घेण्याचीच तयारी हवी. म्हणून विजेच्या तारा छतातून खाली आणाव्यात आणि सॉकेट कमरेच्या वर. जमीन दगडाची किंवा फरशीची. मांडण्या चाकांवर, जिन्यातून वर जातील एवढ्या रुंदीच्या. शौचालयाच्या सांडपाण्याच्या नळाला उलट पाणी रोखणारी झडप, नाहीतर फळ्या लावूनही पाणी तिथूनच येते. हिशेबाची कागदपत्रे आणि शीतपेटीची मोटर वरच्या मजल्यावर. आणि वरच्या मजल्याची किल्ली, तिथे भाडेकरू दुसरा असला तरी, खालच्या दुकानदाराकडे असावी, कारण माल हलवायला मिळणारे ते काही तास बहुधा रात्रीचे असतात.